लालबागचे पाहुणे

परवा माझ्या भाच्याचा मुलगा पुण्याहून आला. बरोबर ऑफिसातले दोन मित्र होते, आणि म्हातारीच्या घरी आंघोळीला रांग नको म्हणून त्याने फोनवरूनच हॉटेलात खोली घेऊन ठेवली होती. स्टेशनवर उतरल्यावर थोड्या वेळाने त्याचा फोन आला. "आजी, इथे लालबागमध्ये ते मोठं गार्डन कुठे आहे? हॉटेल त्याच्या गेटसमोर आहे म्हणे." मी म्हटलं, बाळा, आमच्या बुऱ्हाणपूरच्या लालबागेत बाग फक्त नावात उरली आहे, तिला गेट कुठून असणार? मग कळलं की खोली बंगळूरच्या लालबागेत झाली होती. तिघेही शेवटी माझ्याकडेच आले, आंघोळीला रांग लागली ती लागलीच, आणि मला हसू आवरेना. "आजी, यात एवढं हसण्यासारखं काय आहे?" तो जरा घुश्शातच म्हणाला. त्या पोराला काय माहीत की या नावाच्या घोळाने त्याच्या आजीचं लग्न मोडलं होतं, आणि तेही पाहुण्यांना रस वाढता वाढता. जेवताना त्याला ती गोष्ट सांगितली. तो म्हणाला, लिहून काढ. म्हणून हे प्रकरण.

आमचं घर लालबागेत, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर होतं. बुऱ्हाणपूर शहर म्हणजे शनवारा, सिंधीपुरा, तटाच्या आतलं सगळं, ते तिकडे लांब. रेल्वे आणि कापडाची गिरणी मात्र लालबागेत. पहाट व्हायची ती गिरणीच्या भोंग्याने. त्याच्यामागून इंजिनाची शिट्टी, मग केळीच्या बैलगाड्यांची कुरकुर, आणि घड उतरवणाऱ्या माणसांच्या हाळ्या. माझे वडील, त्यांना सगळे नाना म्हणत, केळी आणि कापूस लावायचे. बाग तापीच्या बाजूला होती, पण माल स्टेशनातून डब्यांत भरून जायचा म्हणून आजोबांनी घर इथे बांधलेलं. ओसरीत नेहमी केळीच्या पानांचा ओला वास असायचा. मला तो इतका अंगवळणी पडला होता की पुढे जिथे राहिले तिथे तो नाही हे समजायला चार दिवस लागले, आणि समजलं तेव्हा मी चक्क रडले होते. पण ते पुढचं.

स्टेशनाजवळ राहण्याचा एक परिणाम असा की वाट चुकलेली माणसं सगळ्यात आधी आमच्या ओसरीवर येत. आणि आमच्या गावासारखं माणसांना चुकवणारं गाव मी दुसरं पाहिलं नाही. ओडिशात एक ब्रह्मपूर आहे, बंगालात एक बहरमपूर आहे, आणि तिकीट काढणारा घाईत असला की त्या दोन्हीकडची माणसं आमच्याकडे. एकदा सुरतेचा एक कापडवाला आला, त्याला जायचं होतं इच्छापूरला. आमच्याही शेजारी इच्छापूर आहे, इच्छादेवीचं, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. त्याचं होतं ते सुरतेजवळचं, तेही तापीच्याच काठी. माझे धाकटे काका, बापूकाका, त्याची समजूत घालत होते, "नदी बराबर पकडली तुम्ही शेठ, फक्त जरा खाली जावं लागंल." पण सगळ्यात जास्त गिऱ्हाईक मुंबईच्या लालबागचं. उत्तरेकडून नोकरीला निघालेले लोक गाडीत पेंगत यायचे, कुणाच्या तरी तोंडून लालबाग ऐकायचे, खिडकीतून गिरणीचं धुराडं दिसायचं, आणि ट्रंक घेऊन खाली. असाच एक म्हातारबा आमच्या ओसरीवर बसून चहा प्यायला आणि मग शांतपणे विचारता झाला की समुद्र कोणत्या बाजूला आहे. बापूकाकांनी त्याला तापी दाखवून आणली. तो म्हणाला, ऐकलं होतं त्यापेक्षा लहान आहे.

या चुकल्यामाकल्यांमुळे आमच्या घरात एक रीत पडून गेली होती. आजोबांनी घातलेली, आणि नानांनी त्यांच्यापेक्षाही कडक पाळलेली. दारात आलेल्या माणसाला, तो जेवून हात धुवेपर्यंत, नाव, गाव आणि काम विचारायचं नाही. पाहुण्याने आपणहून सांगितलं तर ऐकायचं, त्याने विचारलं तर उत्तर द्यायचं, पण आपण विचारायचं नाही. नानांचं म्हणणं, चुकून आलेल्या माणसाला आधी कुठला म्हणून विचारलं की तो बिचारा शरमतो, आणि शरमलेला माणूस पोटभर जेवत नाही. "पयले पानी द्या, मंग पान मांडा, मंग नाव इचारा," असा घरच्या सगळ्या बायकांना हुकूम होता. आमची माय याला वैतागायची. एकदा एका माणसाला तिने आग्रह करकरून श्रीखंड वाढलं, आणि हात धुतल्यावर तो वीज खात्याचा वसुलीवाला निघाला. पण रीत ती रीत.

आता माझ्या लग्नाकडे वळते. मी मॅट्रिक झाले होते, आणि आमच्या आळीत मॅट्रिक झालेली मुलगी म्हणजे घरात ठेवलेला पिकला घड, आज विकला नाही तर उद्या काळा पडेल, असं लोकांना वाटे. मला मास्तरीण व्हायचं होतं. हे मी फक्त शाळेतल्या मालतीबाईंना सांगितलं होतं. त्या शहरात सिलमपुऱ्यात राहायच्या. मेळघाटात, धारणीच्या पलीकडे, डोंगरातल्या मुलींसाठी कुणीतरी वसतिशाळा काढली होती आणि त्यांना शिकवणारी, मुलींबरोबर राहणारी बाई मिळत नव्हती. मालतीबाई म्हणाल्या, "मी तुझं नाव सुचवते, ते लोक घरी येऊन बोलतील." मी हो म्हटलं आणि घरी येऊन गप्प बसले, कारण घरी बापूकाकांनी माझं स्थळ जवळजवळ पक्कं करत आणलं होतं. मुलगा नेपानगरला कागदाच्या गिरणीत, माणसं महाराष्ट्रातली, खाऊनपिऊन सुखी. नाव ठेवायला जागा नव्हती, आणि माझ्या दृष्टीने तीच मोठी अडचण होती. नाव ठेवता येण्याजोगं स्थळ असतं तर निदान रडता आलं असतं.

त्या लोकांची पद्धत अशी की पहिल्यांदा मुलगी पाहायला आईबाप आणि मुलगा येत नाहीत. घरातला वडीलधारा दोन माणसं घेऊन येतो, त्याला पसंत पडली की मग बाकीचे. त्यांचे वडीलधारे म्हणजे मुलाचे थोरले काका, कल्याणला राहणारे. त्यांना निरोप गेला तो गिरणीतल्या कुणा माणसाच्या तोंडी: येत्या रविवारी मुलगी पाहायची, लालबागला, गिरणीच्या भोंग्यापाशी, केळीवाले नाना म्हणून विचारा. निरोपात एकही अक्षर चुकीचं नव्हतं. आणि आमच्याकडे त्या काकांचं किंवा मुलाचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं.

तो रविवार ज्येष्ठातला होता. अंगणात चूल पेटवून त्यावर खापर पालथं घातलेलं, आणि माय मांडे करत होती. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांना सांगते, मांडा लाटत नाहीत. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठा करतात आणि तसाच अलगद खापरावर टाकतात. मायचा हात असा होता की मांड्यातून पलीकडचं माणूस ओळखू यावं. शेजारच्या बायका रसाचे आंबे पिळत होत्या. कुरडया तळल्या होत्या, कटाची झणझणीत रशी उकळत होती, आणि शहरातून मुद्दाम दराबा आणवला होता. आमच्या गावाबाहेर तो कुणाला माहीत नसतो. रवा, तूप आणि साखर इतका वेळ फेटतात की तोंडात ठेवल्यावर चावायला काही उरत नाही. मला मायने तीनदा बजावलं होतं, "वाढाले तू ये. खाली पाह्यजो. अन् कोनी इचारल्याबिगर तोंड उघडू नको." मी मान डोलावली. मनातून मी इच्छादेवीला विनवत होते की गाडी उशिरा येवो, पूल खचो, काहीही होवो.

बापूकाका सकाळच्या गाडीला स्टेशनवर गेले. कल्याणकडून पाहुणे म्हणावेत असं कुणी उतरलं नाही. ते हिरमुसून परत फिरले तोच कोपऱ्यावर तीन माणसं पानवाल्याला विचारत उभी. एक पांढऱ्या टोपीतले वयस्कर गृहस्थ, एक जाड्याभरड्या सुती साडीतल्या बाई, आणि एक तिशीतला उंच तरुण. "केळीवाले नाना इथेच राहतात ना? मुलीच्या संदर्भात आलो होतो," टोपीवाले म्हणाले. झालं. बापूकाकांना एवढंच पुरे होतं. त्यांनी त्यांच्या हातातल्या पिशव्या काढून घेतल्या आणि मिरवणुकीसारखे त्यांना घरी घेऊन आले. आत येऊन मायच्या कानात म्हणाले, "वहिनी, पोरगा सोताच आला. मतलब नवीन विचाराचे हायेत." मी दाराच्या फटीतून त्या उंच तरुणाला पाहिलं. त्याच्या बोटांना रंधा मारून पडतात तसे घट्टे होते. कागदाच्या गिरणीत असेल असं काम, असं मला वाटलं.

पाय धुवायला पाणी दिलं, केळीची पानं मांडली, आणि रीतीप्रमाणे आमच्याकडून कुणी काही विचारलं नाही. पाहुणे मात्र विचारू शकत होते, आणि त्या बाईंनी सुरुवात केली. शिक्षण किती, तब्येत कशी असते, पहाटे उठायची सवय आहे का. मी खाली पाहून उत्तरं दिली. "स्वयंपाक किती माणसांचा जमेल?" त्यांनी विचारलं. माझ्या आधी मायच दाराआडून बोलली, "पन्नास माणसांचा करते ती, बाई. मागल्या साली बोदवडच्या लग्नात तिनंच केला." बाईंचा चेहरा असा उजळला की माय खूश झाली. मग बाई म्हणाल्या, "आमच्याकडे अजून वीज नाही, बरं का. पाणी विहिरीचं." नाना आणि बापूकाकांनी एकमेकांकडे पाहिलं. गिरणीच्या कॉलनीत वीज नाही ही नवीनच गोष्ट होती. पण विचारायचं नाही ना. बापूकाकांनी घुसमटून रशीचा मोठा घोट घेतला आणि त्यांना ठसका लागला. "आणि आमच्या मुली जरा लाजऱ्या आहेत," बाई पुढे म्हणाल्या, "पण एकदा ओळख झाली की सोडत नाहीत. सगळ्या हिच्या अंगावर पडतील बघा." माय आत कपाळाला हात लावून बसली. नंतर ती म्हणाली की तेव्हा तिला दहा नणंदा दिसल्या.

मी बाईंच्या पानात मांडा वाढायला वाकले. नाना तेव्हा टोपीवाल्यांना रसाची वाटी पुढे करायला लावत होते आणि ते नको नको म्हणत होते, त्या गडबडीत बाई हळूच मला म्हणाल्या, "मालतीबाई म्हणत होत्या त्याहून लहान दिसतेस तू. फळ्यावर लिहून पाहिलं आहेस कधी?" माझा हात तसाच राहिला. मांड्याची कड फाटली. मग मी म्हटलं, "हो. बाईंच्या वर्गात खूपदा." आणि उठून आत गेले. चुलीपाशी माय विचारत होती की काय म्हणे ती. मी म्हटलं, लहान दिसते म्हणे. ते खरंही होतं. मला विचारल्याशिवाय बोलायचं नव्हतं, आणि मला कुणी विचारलं नव्हतं. आयुष्यात मी मायचा शब्द इतक्या मनोभावे कधी पाळला नाही.

जेवणं आटोपत आली. टोपीवाल्यांनी पानावरच हात जोडले आणि म्हणाले, "नाना, आम्हाला मुलगी पसंत आहे. तुम्ही कधी पाठवता तेवढं सांगा." पाठवता या शब्दाला नाना किंचित अडखळले, पण आनंद एवढा होता की पुढे गेले. "दिवाई झाल्यावर पाहू ना. तयारी करा लागते." टोपीवाल्यांचा चेहरा पडला. "इतकं थांबता यायचं नाही. पाऊस लागला की नाले भरतात, रस्ता बंद. पंधरवड्यात यायला हवी." माय आतून खुणा करू लागली की नको, घाई कशाला. पण नाना बागेचा सौदा करायचे तसे होते. माणूस आवडला की हुज्जत नाही, कागद नाही, बाग दिली म्हणजे दिली. त्यांनी देवाजवळचा नारळ उचलला, टोपीवाल्यांच्या हातात ठेवला, आणि स्वतःच्या हाताने त्यांना दराबा भरवला. "दिली पोरगी," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. मला ते पाहून पहिल्यांदा भीती वाटली.

मग हात धुतले, सुपारी आली, आणि आता रीत संपली होती म्हणून बापूकाका सरसावून बसले. "हां, तर मंग देन्याघेन्याचं बोलून टाकू."

"देणं आमच्याकडून," टोपीवाले म्हणाले. "फार नाही देता येणार, पण दर महिन्याला नक्की. राहणं-जेवण तिथेच."

बापूकाकांनी त्या उंच तरुणाकडे पाहिलं, मग टोपीवाल्यांकडे. "दर महिन्याला? पोराच्या बाजूनं?"

"कुठल्या पोराच्या?" बाईंनी विचारलं.

सगळा उलगडा व्हायला वेळ लागला नाही. ते वसतिशाळेचे गुरुजी आणि त्यांच्या पत्नी. उंच तरुण मुलींना सुतारकाम शिकवायचा. त्याच्यात ज्यांचा जीव गुंतला असेल त्यांच्यासाठी सांगते, त्याला बायको आणि दोन मुलं होती. खरं तर ते शनिवारीच यायचे होते. पण टांगेवाल्याने सिलमपुऱ्याऐवजी सिंधीपुऱ्यात सोडलं, तिथून कुणी शिकारपुऱ्यात पाठवलं, आणि मालतीबाईंचं घर सापडेपर्यंत दिवस गेला होता. शनिवारी आले असते तर नानांनी त्यांना जेवू घालून, हात धुवायला लावून, नम्रपणे नाही म्हणून वाटेला लावलं असतं. मी अजूनही कधीकधी त्या टांगेवाल्याला मनातल्या मनात हात जोडते.

बापूकाका पेटले. "हे काय राहिलं का? पोरीले जंगलात पाठवायचं? नानाभाऊ, नारय वापस घ्या." माय पदर तोंडाला लावून रडत होती. गुरुजी भला माणूस. ते उठले आणि नारळ नानांपुढे धरला. "चूक दोघांची आहे नाना. तुम्ही कशासाठी शब्द देताय ते तुम्हाला माहीत नव्हतं. असा शब्द आम्ही धरणार नाही." नानांनी नारळाकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही. त्यांनी मला हाक मारली.

"तुले मालूम होतं?"

"वाढताना समजलं."

"मंग बोलली कामून नई?"

"माय म्हने इचारल्याबिगर बोलू नको."

बाईंनी तोंडावर हात धरला. नानांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण ते हसले नाहीत. "आता इचारतो. जाचं हाय तुले?" मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाहून बोलले. म्हटलं, "हो नाना. मले शिकवाचं हाय. लगन नंतर केलं तं चालंल, पन हे आता." त्यांनी पुढे धरलेला नारळ हलकेच मागे सारला. मग गुरुजींना म्हणाले, "नारय सध्या तुमच्यापाशी ठेवा. ज्या पाहुन्यायले मी बलावलं होतं ते कुठं अडकले, त्यायचं काय म्हननं हाय, ते आयकल्याबिगर मी काही बोलू शकत नई. त्यायलेही मी शब्दच देला हाय." एवढंच. पाहुणे गेले. जाताना बाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मला कळेना की आशा धरावी की नाही.

तो आठवडा मी विसरू शकत नाही. माय माझ्याशी कामापुरतं बोलायची. भाकरी हवी का, पाणी भरलं का, बस्स. तिचा राग मला समजत होता. तिच्या आईने तिला नदीपलीकडे दिलं तर ती वर्षभर रडली होती, आणि तिची मुलगी आपणहून डोंगरात जायचं म्हणत होती. बापूकाका येताजाता ओसरीवर वाघ, साप आणि हिवताप यांविषयी मोठ्याने बोलत. नाना सकाळी बागेत जात ते दिवस मावळता येत. एकदा मी त्यांची भाकरी घेऊन बागेत गेले. ते केळीच्या बुंध्याशी बसले होते. मी जवळ बसले तर म्हणाले, "तुझी माय म्हनते, पोरगी हातातून गेली." मी म्हटलं, "दर सुट्टीत येईन." ते म्हणाले, "लगन झाल्यावर पोरी तेच म्हनतात." मग त्यांनी भाकरीतला अर्धा तुकडा मला दिला. आम्ही दोघांनी आपापला अर्धा खाल्ला, आणि मला वाटलं की झालं, आता मी नेपानगरची.

पुढच्या रविवारी कल्याणचे थोरले काका आले. या वेळी योग्य लालबागला. बापूकाका त्यांना घेऊन आले ते एकदम दिवाळीच्या तोऱ्यात. पुन्हा खापर चढलं, पुन्हा आंबे पिळले. मायने मला आपली ठेवणीतली साडी नेसवली आणि केसांत स्वतः मोगरा माळला. आठवड्यात पहिल्यांदा तिचा हात माझ्या डोक्याला लागला. काका जाडजूड, हसरे, घाम पुसत बोलणारे. त्यांना विचारायची गरजच पडली नाही, पानावर बसल्या बसल्या त्यांनी आपली कहाणी सुरू केली. मागल्या रविवारी ते दोन मेहुण्यांना घेऊन मुंबईच्या लालबागला गेले होते. लालबाग होतं, गिरणी होती, भोंगे तर दहा गिरण्यांचे. "केळीवाले नाना कुठे, म्हणून चाळी पालथ्या घातल्या हो," ते सांगत होते. "शेवटी एक केळीवाला सापडला. गाडीवाला. नाव नानाच. मी म्हटलं, मुलगी पाहायला आलोय. तो घाबरून गाडी सोडून पळाला. मग पोरं जमा झाली, केळी आम्हालाच विकावी लागली." ओसरीवर सगळे पोट धरून हसत होते. नानाही हसले. मी आतून ऐकत होते आणि मला हसूही येत होतं, रडूही येत होतं. किती चांगला माणूस होता तो. अशा घरात जायला कुणाला दुःख झालं असतं?

त्यांनी दोनदा मांडा घेतला, रस घेतला, मायचं तोंड भरून कौतुक केलं. जेवणं झाली. बापूकाकांनी हातावर पाणी घातलं. काकांनी पंच्याला हात पुसले, लोडाला टेकले आणि प्रसन्नपणे म्हणाले, "हं, नाना. आता बोलवा मुलीला. पाहून घेऊ द्या."

मी तेव्हा चुलीपाशी होते. मागच्या पंगतीला घरच्यांसाठी साध्या पोळ्या लागत होत्या, त्या करत होते. माय माझा पदर सारखा करायला पुढे झाली. बाहेरून नानांचा आवाज आला. मोठा नव्हता, पण ते शब्द घाईने बोलत नव्हते.

"तुमची माफी मांगतो भाऊ. तुम्ही दोनदा तकलीफ घेतली. लेकिन पोरगी दिली."

"दिली?" काकांनी विचारलं. "कुणाला? कधी?"

"मागल्या रविवारी. शायेले दिली. मेळघाटात लहान लहान पोरी हायेत, त्यायले शिकवाले जाऊ राहिली. माझ्या हातानं नारय देला. गैरसमजात देला, पन मंग मी तिले इचारलं, अन् ती हो म्हने. तिनं हो म्हटल्यावर गैरसमज कुठं राह्यला?"

बापूकाकांच्या हातातला तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. मग थोरले काका म्हणाले, "आमच्या घरात अजून एकही मुलगी मॅट्रिक नाही हो." आणि थोड्या वेळाने, "पाठवा तिला. पाऊस यायच्या आत पाठवा."

माझ्या डोळ्यांपुढचं सगळं धूसर झालं. तव्यावरची पोळी करपून धूर निघायला लागला तेव्हा मला भान आलं. एरवी मायने पाच पिढ्यांचा उद्धार केला असता. ती काही बोलली नाही. तिने माझ्या हातातून उलथनं घेतलं, ती काळी पोळी काढली आणि आपल्या ताटात ठेवली.